आखूड दातांचं चाक

विनीता घाडी लग्न होऊन जामसंड्याला आली तेव्हा तिच्या हातात एकच कसब होतं, आणि त्या कसबाचा जामसंड्यात कुणाला काडीचा उपयोग नव्हता. तिला मनगटी घड्याळात बॅलन्सचं चाक बसवता येत होतं.

माहेर दोडामार्गच्या बाजूला, काजूच्या उतारावर. तिथली निम्मी तरुण मंडळी पहाटेची गाडी पकडून गोव्यात कामाला जायची. विनीताही जायची, एका घड्याळांच्या कारखान्यात. लांबलचक टेबल, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. सरकत्या पट्ट्यावरून अर्धवट घड्याळ समोर येई. केसासारखी बारीक स्प्रिंग असलेलं एक चाक उचलायचं, त्याचं टोक आत बसवलेल्या माणकाच्या खड्याच्या खाचेत अलगद सोडायचं. ते नीट बसलं की मेलेलं घड्याळ एकदम झुलायला लागे. तेवढा क्षण विनीताचा. लगेच पट्टा सरके आणि घड्याळ पुढच्या मुलीकडे जाई. काटे लावायचं टेबल भिंतीपलीकडे होतं. कारखाना बंद पडेपर्यंत तिने हजारो घड्याळं जिवंत केली असतील, पण त्यातलं एकही वेळ दाखवताना तिने पाहिलं नव्हतं.

नवरा गुरुप्रसाद याचं नाक्याजवळ ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. रिक्षांचं वायरिंग, टेम्पोचे दिवे, ट्रकच्या बॅटऱ्या. बंद पडलेले स्पीडोमीटर एका खोक्यात साठत जायचे, कारण त्यात डोकं घालायला त्याला वेळ नसे. एकदा त्याने त्यातला एक घरी आणून तिच्यासमोर ठेवला.

"बघ, तुका काय जमता काय. नायतर भंगारात टाकूचोच आसा तो."

विनीताने तो ओटीवर बसून उघडला. केबल कुठे शिरते, कशाला फिरवते, हे ती माग काढत गेली. केबल एक लोहचुंबक फिरवत होती, इथवर सरळ होतं. त्याच्यापुढे ॲल्युमिनियमची एक वाटी होती आणि वाटीला काटा. पण चुंबक आणि वाटी एकमेकांना लागतच नव्हते. तिने कागदाची पट्टी मधून घालून पाहिली, ती आरपार गेली. तिला वाटलं, मधला एखादा भाग हरवलाय. तिने गुरुप्रसादला हाक मारली.

"अवो, ह्येच्यात कायतरी नाय आसा. काटो कशाकच जोडलेलो नाय."

"तसोच असता तो," गुरुप्रसाद जेवताजेवता म्हणाला. "चुंबक फिराक लागलो काय वाटी मागसून वडली जाता."

तिने बोटाने चुंबक गरकन फिरवला. वाटी थरथरली आणि काटा उठून वर सरकला. मधे वाऱ्याशिवाय काही नव्हतं. ती कितीतरी वेळ चुंबक फिरवत राहिली आणि काटा तिच्या बोटामागून धावत राहिला. आजवर या रस्त्यावरून गेलेला प्रत्येक ट्रक, प्रत्येक एसटी, आपला वेग या रिकाम्या जागेतून वाचत गेली होती, आणि हे तिला ठाऊकही नव्हतं. त्या दिवशी भात करपला. सासूबाई काशीबाईंनी तो मुकाट खाल्ला, पण सून एवढी कशात हरवली होती ते येऊन वाकून बघून गेल्या.

तिथून सुरुवात झाली. आधी ट्रकचे मीटर, मग देवगडच्या एका डॉक्टरांच्या जुन्या हेरल्ड गाडीतलं घड्याळ. त्या डॉक्टरांचे म्हापशाला कुणी गॅरेजवाले स्नेही होते, त्यांच्याकडून एमजी नावाच्या दोन बैठकीच्या विलायती गाडीचा स्पीडोमीटर आला. तो उघडल्यावर विनीता थक्क झाली. काळी तबकडी, त्यावर हस्तिदंती रंगाचे आकडे, आणि आत कुणालाही कधी दिसणार नाही अशा पितळी पट्टीवरसुद्धा आरशासारखी झिलई. झाकणाच्या आतल्या अंगाला सुईने कोरलेल्या खुणा होत्या, दोन अक्षरं, मग वेगळ्या हाताची आणखी दोन. तिच्याआधी ज्यांनी ज्यांनी तो उघडला होता त्यांच्या त्या खुणा. कुठल्या तरी थंड देशातली माणसं, बहुतेक आता हयातही नसतील. विनीताने तो मीटर दुरुस्त केला आणि त्यांच्या खाली सुईने एक बारीक 'वि' कोरला. कारखान्यात कुठल्याच घड्याळावर तिची खूण उरली नव्हती.

पुढे पार्सलं यायला लागली. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या जपणारी माणसं पुण्यात होती, बंगळुरात होती, आणि ती सगळी एकमेकांना ओळखत होती. कुणाचा इंजिनाचे फेरे दाखवणारा मीटर, कुणाचं आठ दिवसांच्या चावीचं घड्याळ. अंधारात चमकणाऱ्या जुन्या रंगाच्या तबकड्या आल्या तर ती तो रंग कधी खरवडत नसे. त्यात रेडियम असायचं, आणि ते अंगाला बरं नव्हे हे तिने आधीच विचारून घेतलं होतं. बाकी सगळं ती उघडायची. ओटीच्या कोपऱ्यात खिडकीशी तिचं टेबल लागलं. तिथे ती बसली की शेजारीपाजारी हळू बोलत.

प्रीतम इंगवले कोल्हापूरहून आले ते मात्र पार्सल न पाठवता स्वतः आले. पन्नाशीचे, थोराड बांध्याचे, बोलायला मोकळे. त्यांनी टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू टेबलावर ठेवली आणि टॉवेल उघडला. चिखलाची वाळलेली वीट असावी तसं ते दिसत होतं.

"ताई, गाडी ट्रायम्फ. आमच्या वडिलांची," ते म्हणाले. "पुरात उभी होती. पंचगंगेचं पाणी डॅशबोर्डाच्या वर गेलं होतं बघा. इंजिन झालं, रंग झाला, बाकीचे मीटर झाले. ह्याला मात्र कुणी हात लावायला तयार नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी मी राग मानणार नाही."

"हे आहे काय?" विनीताने विचारलं. बाहेरच्या माणसांशी ती पुस्तकी मराठीत बोलायची.

"रॅलीचा ट्रिपमीटर."

मग त्यांनी समजावून सांगितलं. जुन्या गाड्यांच्या रॅलीत पहिलं कोण पोचतं याला किंमत नसते. ठरवून दिलेल्या वेगाने जायचं, ना जास्त ना कमी. वाटेत कुठेतरी, आधी न सांगितलेल्या जागी, माणसं घड्याळ घेऊन बसलेली असतात. एक जण गाडी चालवतो, शेजारचा घड्याळ आणि हा मीटर वाचतो आणि आपण मागे आहोत की पुढे ते सांगतो. गाडीच्या साध्या मीटरवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. हा मीटर शंभर मीटरचा फरकही दाखवतो, आणि टायर बदलले तर त्याच्या आतली दातेरी चाकं बदलून तो नव्या टायरशी जुळवता येतो. आकड्यांच्या दोन रांगा. एक अख्ख्या प्रवासाची, एक मधल्या टप्प्याची.

"वडील आणि आई दोघं मिळून भाग घ्यायचे," प्रीतम म्हणाले. "आई हा मीटर वाचायची. आता मी चालवतो आणि माझी मुलगी वाचणार. सलोनी. तिला फार हौस आहे."

काशीबाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. पाहुणे गेल्यावर त्या जवळ आल्या आणि त्या विटेकडे बघून म्हणाल्या, "ह्या चिखलाचा काय करतलंस गो?"

"बघतंय, आई. आत कायतरी आसतला."

तिने घाई केली नाही. मीटर भिजत घातला, दर सकाळी पाणी बदललं, आणि नदीचा गाळ हळूहळू सुटत गेला. ब्रशच्या टोकाने ती एकेक फट मोकळी करत होती तेव्हा आकड्यांच्या मधून मोहरीएवढी एक गोगलगाय निघाली. रिकामा शंख, पण अख्खा, वळणावळणाचा. पुराच्या पाण्याबरोबर ती आत शिरली होती आणि तिथेच राहिली होती. विनीताने तो शंख तळहातावर घेतला आणि शेजारी पितळेचं एक चाक ठेवलं. दोन्ही सारख्याच मापाची. एक माणसाने केलेलं, एक कुणीच न केलेलं. कुठलं जास्त नेटकं आहे हे तिला ठरवता येईना.

आकड्यांच्या पिंपांना ती पहिल्यांदाच हात घालत होती. मीटरमध्ये शून्य ते नऊ आकडे लिहिलेली छोटी गोल पिंपं एका ओळीत असतात. ट्रकच्या मीटरमध्ये ती बिघडली तर अख्खा जोड बदलायचा, आत बघायची वेळ येत नसे. इथे बदली जोड नव्हता. पिंपांच्या मधे मधे एकेक चिमुकलं दातेरी चाक होतं. एका पिंपाचा एक फेरा पुरा झाला की ते चाक शेजारच्या पिंपाला एक घर पुढे ढकलतं. बाकीची चाकं एका पक्क्या दांडीवर चौकटीच्या आत शाबूत होती. शेकड्याच्या पिंपाला ढकलणारं शेवटचं चाक तेवढं गळून गाळात पडलं होतं. ते कुजलं होतं. त्याला आठ दात होते, पण एक सोडून एक दात अर्धाच उरला होता.

"गंजान खाल्ल्यानी," तिने गुरुप्रसादला दाखवलं. "नवा करूक व्हया."

गुरुप्रसादने ते नखावर घेऊन पाहिलं आणि हसला. "ह्या करतलंस? तांदळाच्या दाण्याएवढा आसा."

"मगे काय झाला?"

तिने पितळेची दांडी घेतली, कानसून गोल केली आणि सुईसारख्या कानशीने दात पाडायला बसली. चौकटीतल्या शाबूत चाकांची जी बाजू दिसत होती तिथे आठही दात सारखे होते, तसेच तिने पाडले. पहिली तीन चाकं फुकट गेली. चौथं तिच्या मनासारखं झालं. आठ दात, सगळे पुरे, सगळे सारखे. तिने ते बसवलं, वंगणाचा थेंब सोडला आणि पहिलं पिंप फिरवलं. आकडे सरकले. थोडं पुढे गेले. आणि सगळं घट्ट अडकलं.

तिने काढलं, पुसलं, परत बसवलं. परत अडकलं. दात थोडे बारीक केले. तरी अडकलं. दिवसामागून दिवस तेच चाललं. चौकट खिळलेली होती, ती तोडून आत बघायचं तर पुन्हा जोडायची कशी हा प्रश्न होता. प्रीतमना फोन करून नाही जमत म्हणून सांगावं असं तिला एकदा वाटलं. फोन हातातही घेतला होता.

मग तिला एक युक्ती सुचली. दातांच्या डॉक्टरांकडे लांब दांड्याचा एक छोटा आरसा असतो, तोंडात घालून दाढांची मागची बाजू बघायला. देवगडच्या डॉक्टरांना तिने विचारलं, त्यांनी एक आणून दिला. सकाळच्या उजेडात, खिडकीशी बसून, तिने तो आरसा पिंपाच्या मागून हळूच चौकटीत सरकवला.

शाबूत चाकांची मागची बाजू तिला पहिल्यांदा दिसली. तिथेही एक सोडून एक दात अर्धाच होता. प्रत्येक चाकावर. पण गंजाचा तिथे मागमूस नव्हता. सरळ, स्वच्छ कापलेले दात. कुणीतरी मुद्दाम आखूड ठेवलेले.

तिने आपलं चाक काढून बाजूला ठेवलं आणि पहिलं पिंप बोटाने अगदी सावकाश फिरवत आरशात बघत राहिली. एक. दोन. तीन. पिंप फिरत होतं, पण शेजारचं चाक हलत नव्हतं. त्याचे दोन लांब दात पिंपाच्या काठावर टेकून बसले होते, दोन्ही हात भिंतीला लावून कुणी उभं राहावं तसे. मधला आखूड दात काठाला शिवतच नव्हता, म्हणून त्यांना टेकता येत होतं. चार, पाच, सहा. गाडी कितीही हादरली तरी ते चाक जागचं सरकणार नव्हतं. सात, आठ, नऊ. आणि नऊ संपता संपता काठावर एक खाच आली. लांब दाताला वाट मिळाली, तो खाचेत उतरला, चाक टुणकन वळलं, शेजारचं पिंप एक घर पुढे गेलं, आणि पुढचे दोन लांब दात येऊन पुन्हा काठावर टेकले. पुन्हा सगळं स्तब्ध.

तिने आठही दात पुरे ठेवले होते. त्या मधल्या दाताला जागाच नव्हती, म्हणून ते अडकत होतं.

ती कितीदा ते फिरवून बघत बसली कोण जाणे. नऊ वेळा गप्प राहायचं आणि दहाव्या वेळी बरोबर हलायचं, हे पितळेला कळत कसं होतं? त्याला डोकं नव्हतं, वीज नव्हती. कुणीतरी, कधीतरी, टेबलाशी बसून विचार केला होता की इथला दात जर आखूड ठेवला तर. तेवढंच. आणि मग तो विचार एवढ्याशा चाकात घालून ठेवला होता. तो माणूस गेला असेल, पण विचार अजून चालत होता. ज्याला ती मोड समजत होती, सगळी करामत त्यातच होती.

"विनीता, च्या करतंस?" गुरुप्रसादने बाहेरून हाक मारली.

ती पिंप फिरवतच राहिली. तो आत आला तर तिचे डोळे भरलेले.

"काय झाला गो?"

"काय नाय," ती म्हणाली. "बसा हयसर. बघा."

तिने त्याला बसवलं, आरसा धरायला दिला आणि पिंप फिरवलं. गुरुप्रसाद वायरी जोडणारा माणूस, फार बोलणारा नव्हे. नऊ उलटून दहा झाले तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आयशप्पत," आणि मग पुन्हा बघायला मागितलं.

नवं चाक तिने चार दात पुरे आणि चार आखूड असं केलं. ते बसलं. मीटर तिने ड्रिल मशीनला जोडून फिरवला, नव्याण्णव संपून शंभर लागले आणि सगळी पिंपं एकदम वळली. झाकण लावायच्या आधी तिने आत आपली खूण कोरली आणि मीटर कोल्हापूरला पाठवून दिला.

प्रीतमचा फोन आला तेव्हा ते लहान मुलासारखे आनंदले होते. मीटर बसला, टायरशी जुळला, रोज फिरवतो आहोत.

"शंभर झाले का?" विनीताने विचारलं.

"नाही ओ ताई. गावातल्या गावात चाळीस-पन्नास होतात, मग सलोनी शून्यावर आणते. का?"

"सहज," म्हणून तिने फोन ठेवला आणि शंभर अजून व्हायचे आहेत एवढं काशीबाईंना सांगितलं. पण तिच्या मनात ते राहिलं. तिने हाताने घडवलेलं चाक शंभरात एकदाच हलायचं होतं. एरवी ते टेकून बसणार. आणि नव्याण्णव संपताना अख्ख्या रांगेचा भार एकदम येतो, सगळी पिंपं एका क्षणात वळतात, खालून केबल ओढत असते. टेबल हलत नाही. रस्ता हलतो. तिथे ते चाक अडलं तर बाकीचीही तुटणार होती, साठ-सत्तर वर्षं आणि एक महापूर सोसून उरलेली.

रॅली कोल्हापूरहून निघून गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून कोकणात येणार आणि तोंडवलीच्या किनाऱ्यावर संपणार होती. वैभववाडीला गाड्यांचा चहाचा थांबा होता. "तिथं या, गाडी बघा तरी," प्रीतम म्हणाले होते. गुरुप्रसादने दुकान बंद ठेवलं आणि दोघं मोटरसायकलवरून वैभववाडीला गेली.

गाड्या घाट उतरून एकामागून एक यायला लागल्या. विनीताने त्या फोटोतच पाहिल्या होत्या. ज्यांचे मीटर तिच्या ओटीवर उघडे पडून राहिले होते त्या या गाड्या. बसक्या, गोल गालांच्या, बिनछपराच्या. त्यांचा आवाज पोटातून यायचा. इंगवल्यांची ट्रायम्फ गडद हिरवी होती. ती येऊन थांबली आणि शेजारच्या बैठकीवरून एक मुलगी कशीबशी उतरली, दोन पावलं चालली आणि रस्त्याकडेला बसून ओकायला लागली. ती सलोनी. घाटाच्या वळणांवर मान खाली घालून आकडे वाचता वाचता तिला असा उलट्यांचा त्रास झाला होता की तिला उभं राहवत नव्हतं. रॅलीबरोबरच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मागच्या मोठ्या गाडीत आडवं व्हायला सांगितलं.

"गाडीत दोन माणसं लागतातच, असा नियम आहे," प्रीतम घाम पुसत म्हणाले. मग त्यांची नजर विनीताकडे गेली. "ताई, तुम्ही बसता का?"

"मी? छे. मला त्यातलं काही येत नाही."

सलोनी गाडीच्या दारातून फिकट तोंडाने म्हणाली, "येईल, काकू. हा कागद घ्या. इथे किलोमीटर लिहिलेत, समोर वेळ. घड्याळात ही वेळ झाली की मीटरवर हा आकडा हवा. कमी असला तर बाबांना मागे म्हणायचं, जास्त असला तर पुढे म्हणायचं. बस, एवढंच."

विनीताने नवऱ्याकडे पाहिलं. "माका ता जमाचा नाय, ओ."

"जा गो," गुरुप्रसाद म्हणाला. "मीटर तुझो आसा. मी मागसून येतंय."

ती बसली. बैठक इतकी खाली होती की हात बाहेर काढला असता तर रस्त्याला लागला असता. समोर, गुडघ्यांच्या वर, तो मीटर. काच लख्ख, आकडे पांढरे शुभ्र. अठ्ठ्याहत्तर पुरे होऊन वर दोन दशांश. त्याच्या आत कुठे काय आहे ते तिला काचेतून दिसत असल्यासारखं वाटत होतं.

गाडी सुटली. वारा तोंडावर आदळला, पदर तिने मानेखाली दाबून धरला. दोन्ही बाजूंनी काजूच्या बागा मागे पळत होत्या, पण तिला वर बघायची सवड नव्हती. कागद, घड्याळ, मीटर. "मागे," ती ओरडली. प्रीतमनी पाय दाबला. "मागे. थोडंसं मागे. बरोबर. बरोबर. पुढे!" हळूहळू तिला ताल सापडला. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मीटरशी जुळत होते. एक दगड आला की आकडा नेमका तिथे येऊन पोचलेला. कुठल्या तरी परक्या मुलखातल्या रस्त्यांसाठी घडवलेली ती वस्तू वैभववाडीचा रस्ता तंतोतंत मोजत होती, जणू इथलीच असावी. सत्त्याऐंशी. नव्वद. दर वेळी एककाचं पिंप नवावरून उलटताना दहाचं पिंप एक घर सरकायचं, आणि ते आखूड दात काठाला न शिवता निघून जाताना तिला मनात दिसायचे.

तळेरे मागे पडलं. मुंबई-गोवा हमरस्ता लागला. पंच्याण्णव झाले, सत्त्याण्णव झाले.

"ताई, वेळ?" प्रीतमनी विचारलं.

"बरोबर," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

नव्याण्णव लागले. रस्ता तिथे उखडलेला होता, गाडी धडधडत होती, अख्खा डॅशबोर्ड थरथरत होता. दशांशाचं पिंप फिरत होतं. तीन, चार, पाच. विनीताने कागद मांडीवर ठेवून दिला. घड्याळाकडे तिचं लक्ष नव्हतं. सहा. सात. आठ. एवढा वेळ, कोल्हापूरपासून, तिचं चाक एकदाही हललं नव्हतं. हात भिंतीला लावून उभं होतं. नऊ.

आकडे उचलले गेले. एकाच वेळी, सगळे, डोळ्याची पापणी जशी सावकाश उघडते तसे. दोन नवांच्या खालून दोन शून्यं वर येत होती, आणि त्यांच्या डावीकडे, इतका वेळ शून्य होतं तिथे, एक. क्षणभर सगळे आकडे अधांतरी, ना हे ना ते. मग हलकेच, आवाज न करता, ते रांगेत बसले. एकावर दोन शून्यं.

तिने काचेवर बोट टेकवलं. आत काहीही तुटलं नव्हतं. दशांशाचं पिंप पुन्हा एकापासून चालू झालं होतं, काही झालंच नाही अशा थाटात. कारखान्यातल्या पट्ट्यावर घड्याळ झुलायला लागलं की तिच्या छातीत जे व्हायचं तेच आता झालं, पण या वेळी कुणी ते पुढे सरकवून नेलं नाही. ते तिच्यासमोरच राहिलं, चालत राहिलं.

"ताई! मागे का पुढे?" प्रीतम वाऱ्यात ओरडत होते.

"शंभर," विनीता म्हणाली.

"काय?"

"शंभर झाले!"

तेवढ्यात वळणाआड झाडाखाली घड्याळ घेऊन बसलेली माणसं दिसली. विनीताने दचकून कागद उचलला. ती दोघं चांगलीच मागे पडली होती. प्रीतमनी कपाळावर हात मारला, मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि इतके मोठ्याने हसायला लागले की गाडी किंचित हलली. "राहू द्या," ते म्हणाले. "शंभर झाले ना? झालं मग."

कणकवलीहून आचऱ्याच्या रस्त्याने ती दोघं दुपारी तोंडवलीला पोचली. सुरूच्या बनात गाड्या ओळीने लागल्या होत्या आणि होड्या ओढून झालेले मच्छीमार त्यांच्याभोवती गोळा झाले होते. कुणी बक्षीस जिंकलं, कुणी नाही. इंगवल्यांचा नंबर कुठेतरी मधे लागला. सलोनी तोवर बरी झाली होती. ती वाळूत विनीताशेजारी येऊन बसली आणि तो क्षण कसा होता ते तिने पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. तिची आजी ज्या जागी बसायची तिथे आज विनीता बसली होती, असं ती म्हणाली. विनीताने त्या मुलीचा हात हातात घेतला.

संध्याकाळी ती मोटरसायकलवरून घरी आली तेव्हा काशीबाई ओटीवर वाट बघत होत्या; ती रॅलीच्या गाडीत बसल्याचं गुरुप्रसादने फोनवर कळवलं होतं. इतक्या लांबचा प्रवास, उघडी गाडी, परका माणूस, या सगळ्याबद्दल त्या काही विचारतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"शंभर झाले?"

"झाले, आई."

"कशे झाले ते माका सांग."

विनीताने खोक्यातून एका जुन्या ट्रकच्या मीटरचा आकड्यांचा जोड काढला, काशीबाईंच्या हातात दिला आणि फिरवून दाखवलं. नऊ वेळा शेजारचं गप्प. दहाव्या वेळी एक घर. काशीबाई डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"आमी खळ्यात भात मोजतंव, तेवा धा पायल्यो झाल्यो काय एक काजूची बी बाजूक ठेवतंव," त्या म्हणाल्या. "तसाच मां ह्या?"

विनीता बघतच राहिली. "अगदी तसाच, आई."

"आणि हयसर ती बी ठेवता कोण?"

"कोण नाय. चाकच ठेवता. आपणाहून."

काशीबाईंनी तो जोड उजेडाकडे धरला. आयुष्यभर भात मोजलेल्या त्यांच्या बोटांनी त्या स्वतःच तो हळूहळू फिरवू लागल्या, ओठांत आकडे म्हणत. नव्याण्णवाला त्या थांबल्या, पुढे न्यायला कचरल्यासारख्या. मग त्यांनी अंगठ्याने किंचित रेटलं. सगळे आकडे एकदम उलटले.

"अगे बाय माझे," त्या पुटपुटल्या, आणि जोड विनीताच्या हातात परत देत म्हणाल्या, "नव्याण्णवार आण बघया परत."